जुन्या होंडा सिटीला १५ इंची चाकं बसवली, टायर घासतोय. कडा कापू का?

रंकाळ्याकाठी (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडचण घेऊन आलोय.

गाडी वडिलांची. २००१ सालची होंडा सिटी, १.५ ईएक्सआय. त्यांनी ती शोरूममधून आणली त्या दिवशी मी शाळेतून पळत घरी आलो होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचं गाडी चालवणं थांबलं आणि किल्ली माझ्याकडे आली. इंजिन अजून ठणठणीत आहे. चार वर्षांपूर्वी डिक्कीत सीएनजीची टाकी बसवली. महिन्यातून दोनदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे आजोळी जातो, तेव्हा गाडीत आम्ही चौघं आणि परतताना नारळ, तांदूळ असं सामान असतं.

मूळ टायर १७५/७० आर१३, लोखंडी रिमवर. ते संपले. आमच्याकडे या मापात मनासारखा टायर पटकन मिळत नाही. तेवढ्यात एका ओळखीच्या माणसाकडे १५ इंची अलॉयचा वापरलेला सेट टायरसकट मिळाला. टायर १९५/५५ आर१५. रिमच्या पाठीमागे ६.५जे आणि ईटी ३५ असं कोरलंय, भोकं आठ आहेत. ‘सिटीला बसतात, बिनधास्त घ्या,’ असं सांगितलं गेलं. बसले, आणि दिसतातही देखणे. पण:

गल्लीतून रिव्हर्स काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून डावीकडे खर्रर्र आवाज येतो. मागे दोघं बसले आणि स्पीडब्रेकर आला की उजवीकडे धप्प होतं, रबर जळल्याचा वासही येतो. उतरून पाहिलं तर मागच्या उजव्या टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा पडलाय आणि मडगार्डच्या आतल्या दुमडीवरचा रंग जाऊन पत्रा उघडा पडलाय. शिवाय ८५च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, हे लोखंडी रिमवर कधी नव्हतं.

डेंटर म्हणतो दुमड कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणतो मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला. शुक्रवारी घाटात जायचंय. काय करू?

पान्यावरचा_माणूस (सातारा)

दादा, आधी एक काम करा. बाकीचं नंतर बोलू. चाकाचा एक नट काढा आणि त्याचं टोक बघा. रिमला टेकतो तो भाग गोल आहे, चेंडूच्या बाजूसारखा, का सरळ उताराचा, पेन्सिलीच्या टोकासारखा? फोटो टाका.

रंकाळ्याकाठी

काढून पाहिला. गोलसर आहे. मूळ गाडीचेच नट आहेत, तेच परत लावलेत. फोटो टाकलाय.

पान्यावरचा_माणूस

शुक्रवारी त्या चाकांवर घाटात जाऊ नका. आज रात्रीच जुनी लोखंडी चाकं चढवा, टायर झिजलेले असले तरी गावातल्या गावात चालतील.

सांगतो का ते. होंडाच्या मूळ रिमला नट बसायची खोबण गोल असते, म्हणून नटाचं तोंडही गोल. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ती खोबण ६० अंशांच्या उताराची असते. गोल नट उतारात घातला की तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. पाना लावला की घट्ट वाटतो. शंभर-दोनशे किलोमीटर गेलं की ती रेषा दबते आणि नट ढिला पडतो. माझ्या गॅरेजात अशी एक गाडी टो करून आली होती. चारपैकी दोन स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ते दांडे, तुटलेले आणि रिमची भोकं अंडाकृती झालेली. चालवणाऱ्या बाई हळू होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून अलॉयची गाडी आली की मी टायरआधी नट बघतो.

अलॉय लावायचेच तर १२ मिमी स्टडला बसणारे, १.५ मिमी आट्याचे, उताराच्या तोंडाचे नट वेगळे घ्यायचे. आवळायचे १०८ न्यूटन मीटरला, म्हणजे किलो-मीटरचे आकडे असलेल्या टॉर्क पान्यावर ११. पान्यावर उभं राहून नाही. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत तपासायचे.

थरथर वेगळ्या कारणाची आहे. तुमच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ५६.१ मिमीचा. आठ भोकांच्या रिमचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१चं असतं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधली फट भरायला कडं लागतं, हबरिंग म्हणतात. ते नसलं की चाक फक्त नटांवर मध्यात धरलेलं असतं, आणि तुमचे नट तर असे. बॅलन्सिंग कितीही करा, थरथर जायची नाही.

रंकाळ्याकाठी

दादा, अंगावर काटा आला. गेले अकरा दिवस आई मागच्या सीटवर बसून या चाकांवर फिरतेय. आत्ताच लोखंडी चाकं चढवतोय. दोन नट हाताच्या पान्याने सहज फिरले.

मोजपट्टी (नाशिक)

नटांचं झालं हे फार बरं झालं. आता घासण्याचा हिशेब मांडते. मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मोजमापाच्या विभागात आहे, त्यामुळे ‘बसतात’ हा शब्द ऐकला की मला आकडा विचारावासा वाटतो.

टायर घासतो त्याची कारणं तीन दिशांनी येतात: चाक किती उंच झालं, किती बाहेर गेलं, किती आत गेलं. दुकानात बोलणं फक्त इंचांचं होतं, १३चे १५ केले म्हणून. इंच तर टायरच्या मधल्या भोकाचे आहेत. मडगार्डला घासतो तो टायरचा बाहेरचा घेर.

आधी उंची. १७५/७० आर१३ म्हणजे रुंदी १७५ मिमी आणि बाजूची भिंत तिच्या ७० टक्के, १२२.५ मिमी. दोन भिंती २४५ आणि १३ इंचांचे ३३०. एकूण व्यास सुमारे ५७५. तुमचा १९५/५५ आर१५ याच रीतीने ५९५.५ भरतो. म्हणजे साडेतीन टक्के मोठा. टायरचा माथा मडगार्डच्या १० मिमी जवळ आला. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा साडेतीनने जास्त पळत असेल, हेही लक्षात ठेवा.

आता बाहेर-आत. ईटी म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी पाठ किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. ईटी जितका कमी, चाक तितकं गाडीबाहेर. तुमच्या जुन्या रिमवर काय कोरलंय ते बघा. ५जे, म्हणजे पाच इंच रुंदी, आणि ईटी ४५ असेल असं धरते. हबच्या टेकीपासून जुना टायर बाहेर जातो ८७.५ वजा ४५, म्हणजे ४२.५ मिमी. नवा १९५चा टायर साडेसहा इंची रिमवर पसरून साधारण २००चा होतो. १०० वजा ३५, म्हणजे ६५. बाहेर आला साडेबावीस मिलिमीटर. आतल्या बाजूला १३२.५ होता, तो १३५ झाला. तिकडे फारसा फरक नाही.

म्हणजे तुमचा टायर १० मिमी वर आणि २२ मिमी बाहेर सरकलाय. मडगार्डची दुमड नेमकी तिथेच असते. मागचा पट्टा टायरच्या बाहेरच्या खांद्यावर आहे ना? हिशेब जुळतो.

रंकाळ्याकाठी

ताई, हो, बाहेरच्याच खांद्यावर. आणि जुन्या रिमवर ५जे आणि ४५ असंच आहे.

मग याच रिमवर १९५/५० आर१५ घातला तर?

मोजपट्टी

व्यास ५७६ होईल, म्हणजे मूळ मापाला अगदी धरून. उंचीचा प्रश्न सुटला. पण बाहेर आलेले २२ मिलिमीटर तसेच राहतात, ते रिमचे आहेत. शिवाय भिंत उरते साडेसत्त्याण्णव मिमी, मूळच्यापेक्षा २५ मिमी कमी. घाटात खड्डा चुकला नाही तर मार थेट रिमवर.

झेनधारी (सोलापूर)

धागा छान चाललाय. माझ्या जुन्या झेनला सिटीचे कंपनीचे अलॉय चालतील का?

पान्यावरचा_माणूस

नाही. सिटीचे चार स्टड १०० मिमीच्या वर्तुळावर आहेत, झेनचे ११४.३च्या. जोराने बसवायला जाऊ नका.

सागरवेळ (रत्नागिरी)

डेंटर कडा कापू म्हणतोय त्याबद्दल लिहितो, कारण ही चूक मी करून बसलोय.

मडगार्डची आतली दुमड म्हणजे उगाच उरलेला पत्रा नाही. मागच्या बाजूला बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा घुमट हे दोन थर त्या दुमडीत एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. ती कापली की दोन्ही थर सुटे होतात आणि मधली पोकळी उघडी पडते. चाकाने उडवलेलं पाणी सरळ आत जातं. माझ्या आधीच्या गाडीची दुमड अशीच ग्राइंडरने उडवली. वरून रंगाचा हात मारला आणि मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मडगार्डवर बाहेरून हरभऱ्याएवढे फुगे आले. नखाने खरवडलं तर बोट आत गेलं. आमच्याकडची खारी हवा तर पत्र्याला काही ठेवत नाही, पण करूळ घाटाखाली तुम्हालाही चार महिने पाऊस आहेच.

अगदीच गरज पडली तर दुमड कापायची नाही, आत वळवून चपटी करायची. हीटगनने रंग ऊन करत, रोलरने हळूहळू. घाई केली की रंगाला तडा जातो. नंतर आतून सांधा सीलंटने भरून गंजरोधक मारायचं. जुन्या गाडीचा रंग दोनदा-तीनदा मारलेला असेल तर तो सुटण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा हा शेवटचा उपाय समजा.

चाकोरी (इचलकरंजी)

माझं टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. दोन गोष्टी.

एक, वापरलेले टायर घेतलेत. बाजूच्या भिंतीवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ असेल तर २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उंच दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, पावसात धरत नाही. आणि घासून पट्टा पडलेल्या टायरची भिंत आतूनही तपासून घ्या, धागे दिसले तर तो टायर बाद.

दोन, भार. तुमच्या मूळ टायरवर ८२ असेल. म्हणजे एका टायरला ४७५ किलो. नवं माप कुठलंही घ्या, ८२च्या खाली जाऊ नका, डिक्कीत टाकी आहे तुमच्या. आणि ताई म्हणून विचारते, चार वर्षं झाली म्हणालात, त्या टाकीची तीन वर्षांची हायड्रो चाचणी, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करून घेतलीत का?

रंकाळ्याकाठी

राहिलीय, ताई. वर्ष उलटून गेलं. मनावर घेतलं आहे, सोमवारीच नंबर लावतो.

डॉटचे आकडे बघितले. दोन टायर २०१६चे, दोन २०१८चे. हे टायर गेलेच म्हणायचे.

जुनीसिटी (डोंबिवली)

तुमचीच बहीण माझ्याकडे आहे, २००० सालची. सीएनजी नाही. मी चार वर्षांपूर्वी १४ इंची केली आणि एकदाही घासलेली नाही.

२००३मध्ये आलेल्या पुढच्या पिढीच्या सिटीला १४ इंची चाकं होती. स्टडचं वर्तुळ तेच १००, मधलं भोक तेच ५६.१, ईटीही तोच. कंपनीचीच रिम असल्यामुळे हबरिंग लागत नाही आणि गोल तोंडाचे मूळ नट बरोबर बसतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन फेऱ्या मारल्यावर मला चार सरळ रिम मिळाले. तिथे रिम हातात घेऊन बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आतली कड वाकलेली असते आणि बाहेरून कळत नाही. टायर घातले १८५/६० आर१४.

तुम्ही मागची उंची मोजून सांगाल का? हबच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत. माझी दोन्ही बाजूंना ३६२ मिमी आहे, रिकामी गाडी, सपाट जागा.

रंकाळ्याकाठी

मोजली. मागे डावीकडे ३४५, उजवीकडे ३३८. दोनदा मोजली.

पान्यावरचा_माणूस

सापडलं बघा. गाडी मागे बसलीय. टाकीचं साठेक किलो वजन रात्रंदिवस त्या स्प्रिंगांवर आहे, वर वीस-बावीस वर्षांची स्प्रिंग. वीस मिलिमीटर तर गाडी उभी असतानाच खाल्लेत. त्यात चाक दहा मिमी वाढवलं.

मागच्या शॉकअपच्या दांड्यावर रबरी कव्हर असतं, ते खाली ओढा. आत बोटभर उंचीचा फोमचा ठोकळा असायला हवा, बम्प स्टॉप. आहे का बघा.

रंकाळ्याकाठी

उजवीकडचं कव्हर ओढलं तर पिवळी भुकटी हातावर पडली, जुन्या स्पंजासारखी. ठोकळा नाहीच. डावीकडे अर्धा आहे, बोटाने दाबला तर तोही चुरला.

पान्यावरचा_माणूस

त्या ठोकळ्याचं काम चाकाला वर जाताना ठराविक जागी थांबवायचं. तो गेला म्हणजे चाकाला अडवणारं कुणी नाही, ते वर जातं आणि मडगार्ड त्याला थांबवतं. तुमचा धप्प तोच. बाहेरून पाहणारा चाकाला दोष देतो आणि पत्रा कापतो.

जुन्या गाडीत नव्या गाडीएवढी फट आहे असं धरूनच चालायचं नाही. कारखान्याने ठेवलेली जागा स्प्रिंग, बुश (सांध्यांतली रबरं) आणि ठोकळे मिळून वर्षानुवर्षं खात असतात. आधी ती परत मिळवा. मागच्या दोन्ही स्प्रिंगा, बम्प स्टॉप आणि गळत असतील तर शॉकअप. जोडीनेच बदला, एका बाजूचं नाही.

रबरी बफरबद्दल विचारलं होतं. दोन वेढ्यांत बफर कोंबला की ते वेढे काम करायचे थांबतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर जातो. उंची वाढल्यासारखी दिसते, पण जुनी स्प्रिंग तिथेच तुटते. घालू नका.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

इथून एक पद्धत सांगतो, घरी करण्यासारखी आहे.

जर्मनीत गाडीच्या कागदांत नसलेलं चाक लावलं तर तपासणी संस्थेकडून, म्हणजे ट्यूफसारख्या ठिकाणाहून, ते मंजूर करून घ्यावं लागतं. मी माझ्या जुन्या गाडीला चाकं बदलली तेव्हा शेजारी उभं राहून बघितलं. तपासणारे गाडी सपाट जागी ढकलून बघत नाहीत. एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक उंचावर चढवतात. गाडी पीळ बसल्यासारखी उभी राहते, दोन चाकं पूर्ण आत दाबली जातात. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक फट बघतात. नंतर दुसरी तिरकी जोडी.

घरी रुंद फळ्या एकावर एक रचून वीतभर उंची करा, फळ्या सरकणार नाहीत अशा. हँडब्रेक लावा, जमिनीवरच्या चाकांना उटी लावा, आणि गाडीत माणसं बसवा. कुणीही गाडीखाली जायचं नाही, बाजूनेच बघायचं. खऱ्या घाटातल्या वळणावर खड्डा आला की गाडी अशीच पिळली जाते.

मोजपट्टी

हे उत्तम. त्यात माझी भर: डोळ्यांना फट किती आहे ते अंदाजाने कळतं, कणकेला नेमकं कळतं. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे दुमडीच्या आतून चिकटवा, टायरला त्या जागी थोडं तेल पुसा. गाडी दाबून झाली की गोळा जपून काढा आणि सर्वात पातळ जागी पट्टी लावा. जितका जाड उरला तितकी फट. आम्ही कारखान्यात यासाठी वेगळी माती वापरतो, काम तेच.

आणि १४ इंचाचा हिशेब सांगून टाकते. १८५/६० आर१४चा व्यास ५७७.६, मूळच्यापेक्षा जेमतेम अडीच मिमी जास्त, म्हणजे माथा सव्वा मिमी वर. साडेपाच इंची रिम, ईटी ४५: बाहेर ५ मिमी, आत ५ मिमी. भिंत १११ मिमी. भार ८२ मिळतो. माझं मत विचाराल तर तुमच्या गाडीला हेच माप योग्य आहे.

रंकाळ्याकाठी

ठरलं. १५ इंची सेट आता कुणालाही विकणार नाही असं वाटत होतं, पण रिम चांगले आहेत. ईटी, मधलं भोक आणि नटांचा प्रकार कागदावर लिहून, टायर काढूनच देईन.

विम्याचं काय? कुणाला अनुभव?

चाकोरी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. घेरात राहून, भार सांभाळून, मडगार्डच्या बाहेर न डोकावणारं चाक असलं तरी मी गिऱ्हाइकाला विमा कंपनीला लेखी कळवायला सांगते आणि पोच जपून ठेवायला सांगते. अलॉय असतील तर बिलासकट. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या वरची, फिटनेसला आरटीओत न्यावी लागणार. टायर बाहेर आलेला दिसला तर तिथे प्रश्न येणारच. १४ इंचात तो दिसणार नाही.

रंकाळ्याकाठी (पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सगळं सांगतो.

टाकीची चाचणी झाली, पास. त्याच वेळी डिक्की रिकामी होती म्हणून मागच्या स्प्रिंगा आणि बम्प स्टॉप बदलून घेतले. उजवा शॉकअप तेलाने माखलेला निघाला, दोन्ही नवे टाकले. टाकी परत चढवल्यावर मागची उंची मोजली: डावीकडे ३५८, उजवीकडे ३५६. वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, गाडीने मान वर केली.

रिम मला कुर्ल्यापर्यंत न जाता इथेच उद्यमनगरात मिळाले, २००३च्या पिढीचे, पाच पाहिले त्यातले चार घेतले. पाचवा मशीनवर डुलत होता. पाठीमागे ५.५जे आणि ४५ स्वतः वाचलं. टायर १८५/६० आर१४ ८२एच, चारही नवे. नट गोल तोंडाचे, मूळचेच, किलोच्या पान्याने ११वर. ऐंशी किलोमीटरनंतर परत तपासले, एकही हलला नाही. थरथर शून्य.

पण पहिल्याच दिवशी रिव्हर्सला पुढचं डावं चाक परत घासलं. अगदी हलकं, फुल लॉकला ब्रेक दाबला की. मन खट्टू झालं. दादांना फोटो पाठवला, ते म्हणाले लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बुश बघ. जॅकवर घेऊन पहारीने हलवलं तर बुश पूर्ण फाटलेला, चाक पुढे-मागे बोटभर सरकत होतं. ब्रेक दाबला की चाकच मडफ्लॅपला जाऊन टेकायचं. म्हणजे तो आवाज कधीतरी मूळ चाकांवरही आला असता. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, अलाइनमेंट करून घेतलं, आवाज गेला.

मग फळ्यांची परीक्षा. शेजारच्या सुतारकाकांकडून सागाच्या जाड फळ्या आणल्या. आईने कणीक मळून आठ गोळे करून दिले, मागच्या दोन्ही दुमडींत चार-चार चिकटवले. गाडीत वडील, आई, बायको आणि सुतारकाका. दोन्ही तिरक्या जोड्या करून झाल्या. सर्वात पातळ गोळा उजवीकडे मागे, ९ मिमी. डावीकडे ११. पुढे स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, आतल्या प्लास्टिकपासून करंगळी जाईल एवढी जागा राहते.

एक गोळा उजव्या मागच्या दुमडीत, जरा आतल्या अंगाला, नवा चिकटवून ठेवला आणि शनिवारी पहाटे आजोळी निघालो. गाडीत चौघं. गगनबावड्याला चहा, मग करूळ घाट. पावसाने एका वळणावर रस्ता खरवडलाय, तिथे समोरून एसटी आली म्हणून डावीकडचा खड्डा घ्यावाच लागला. मागे बसलेल्या आईला धक्का जाणवला, पण धप्प आवाज नाही, वास नाही. येताना डिक्कीत टाकीशेजारी पन्नास नारळ होते.

रविवारी रात्री घरी आल्यावर बॅटरी घेऊन बसलो. गोळा होता तिथेच होता, वाळून कडक झालेला. त्याच्यावर आईच्या तीन बोटांचे ठसे होते. टायरचा एकही नव्हता.

पान्यावरचा_माणूस

वडिलांना नमस्कार सांगा. हजार किलोमीटर झाले की नट परत एकदा बघा.